माझ्यासाठी लांबवलेली जीप

आमच्या ह्यांना, हरिश्चंद्रांना, सगळं भुईगाव हुशार माणूस म्हणतं. म्हणू दे. हुशार आहेतच. वसई पूर्वेच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं फिटर होते. पंप बिघडो, मोटर बिघडो, ह्यांनी हात लावला की चालू. पण बायकोला काय हवंय ते तिलाच विचारायचं असतं, हे त्या हुशार डोक्यात कधी शिरलं नाही. त्याचं काय करायचं ते सांगा!

नवं स्वयंपाकघर बांधलं तेव्हा ओटा स्वतःच्या कमरेच्या मापाने घातला. ते पावणेसहा फूट, मी पाच फुटांहूनही कमी. तेव्हापासून फळीवर उभी राहून चपात्या लाटतेय. ओटा कसा झालाय, असं विचारलं नाही हो. ओटा मस्त झालाय, असं सांगितलं. वाडीत मोगरा लावायचा होता मला, तिथे केळी लागल्या. केळी छान आल्या, त्यामुळे भांडायलाही तोंड राहिलं नाही. ह्यांचं सगळं असंच, छान होतं आणि माझ्या कामाचं नसतं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार वसईला डायलिसिस. लघवी होत नाही, प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, ते चार तासांत यंत्र काढतं. एक दिवस चुकला की धाप लागते. दोन चुकले की जीवावर बेततं. मी वाढवून सांगत नाही, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलंय.

गेल्या वर्षी जुलैत पावसाने तीन दिवस मुक्काम ठोकला. इमारतींसाठी ज्यांनी नाले बुजवले त्यांच्या नावाने मी अजून बोटं मोडते. आमच्या आळीत कमरेएवढं पाणी. रुग्णवाहिका मोठ्या रस्त्यावरूनच परत गेली. माझे दोन दिवस चुकले. शेवटी शेजारच्या चौघांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून पाण्यातून नेली. साडी चिंब, मान एका बाजूला कललेली, लोक खिडक्यांतून बघतायत. वाचले मी. पण ह्यांना ते दृश्य झोंबलं. माझ्या बायकोची अशी वरात पुन्हा निघणार नाही, म्हणाले, आणि हट्टाला पेटले.

दिवाळीनंतर एक जुनी जीप दारात आली. सांडोरच्या एरॉलचं गॅरेज आहे, तिथे बांधायची ठरली. एरॉलकडे एरवी पैसेवाल्यांची पोरं येतात. गाड्या उंच करून घेतात, किनाऱ्यावर वाळू उडवतात, पावसात चिंचोटीच्या ओढ्यात घालतात आणि त्याचे फोटो काढतात. एरॉलला वाटलं, ह्यांनाही तसंच काही हवंय. तो म्हणाला, "चाकांवर स्प्रिंगचे जाड पाटे टाकू, गाडी सहा इंच उचलू. कसल्याही पाण्यातून जाईल."

"आणि आतल्या माणसाची हाडं?" हे म्हणाले. "पेशंट आहे माझा. एक हादरा बसता कामा नये."

मग सुरू झाला तो वाद महिनाभर चालला. एरॉल म्हणे, मागे कॉइल स्प्रिंग लावू, गादीसारखी चालेल. हे म्हणत, कॉइलला आधाराचे दांडे लागतात, खाऱ्या हवेत त्यांचे सांधे टिकणार नाहीत. पाटेच हवेत, पण लांब आणि पातळ. पाटा जितका लांब तितका मऊ. लांब पाट्याला गाडीही लांब हवी. आणि गाडी लांब हवी होती त्याचं खरं कारण वेगळंच होतं. ह्यांनी मला मागे आडवी न्यायची ठरवली होती. जीपची मागची जागा जेमतेम चार फूट, त्यात माणूस आडवा होणार कसा? म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अठरा इंच वाढवायचं. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मधोमध कापायची, आतून पट्ट्या घालून जोडायची, मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट लांब करायचा, ब्रेकच्या नळ्या नव्या. एवढ्या कापाकापीला परवानगी लागते, तिच्या हेलपाट्यांत थंडी संपली.

मी एकदा बोलले. खोटं कशाला सांगू, एकदाच बोलले. जेवताना म्हटलं, "अहो, मला आडवं नका ठेवू. अंगात पाणी साठलं की आडवं पडल्यावर श्वास लागतो मला."

"तू पड, बाकीचं मी बघतो," म्हणाले. "गाडीतलं तुला काय कळतं?"

झालं! तिडीक गेली माझ्या मस्तकात. मी गाडीतलं बोलतच नव्हते, मी माझ्या छातीतलं बोलत होते. तीन उशा पाठीला लावून बसल्या बसल्या झोपते मी, शेजारच्याच खाटेवर. ह्या माणसाला वाटतं, मान दुखते म्हणून. मग मीही तोंडाला कुलूप लावलं. म्हटलं, घाला गोंधळ. तिथे चुकलं माझं. राग धरायला माझ्याकडे तेवढा श्वास नव्हता, पण धरला.

एप्रिलपर्यंत जीप तयार झाली. दिसायला झकास, मी नाही म्हणणार नाही. मग चाचण्या. मागच्या खाटेवर तांदळाचं पन्नास किलोचं पोतं आडवं पट्ट्यांनी बांधायचं, कारण माझं वजन बावन्न. शेजारी काठोकाठ पाणी भरलेलं पातेलं. वाळूतून, खड्ड्यांतून फेरी मारायची आणि किती पाणी सांडलं ते बघायचं. पहिल्यांदा अर्धं पातेलं सांडलं. एक पाटा काढला, दुसरा बदलला, पुन्हा फेरी. मे अखेरीस जेमतेम वाटीभर सांडलं, तेव्हा हे आणि एरॉल पोरांसारखे नाचले. पोत्याने तक्रार केली नाही. करणार कशी? पोत्याला श्वास घ्यायचा नसतो. मी खिडकीतून बघत होते आणि आतल्या आत चरफडत होते. घरात जिवंत बाई असताना तांदळाला निजवून बघतात! पाच मिनिटं मला झोपवून बघितलं असतं, तर सगळं तिथेच कळलं असतं.

यंदाच्या जुलैत पुन्हा तेच. सोमवारी दुपारी एरॉल पाटे तपासायला आला आणि पाणी चढल्यामुळे आमच्याकडेच अडकला. मंगळवारी पहाटे हे जीप काढायला निघाले, तर आळीच्या तोंडाशी झाड आडवं. ते तोडून बाजूला करेपर्यंत बुधवार उजाडला. शनिवारनंतर माझ्या अंगातलं पाणी निघालं नव्हतं. पाय सुजून खांबासारखे झाले होते. दोन शब्द बोलले की तिसऱ्याला थांबावं लागत होतं.

"बसून... जाते," मी म्हटलं.

"बसलीस तर फेकली जाशील. पड." हे म्हणाले आणि दोघांनी मला खाटेवर ठेवलं. एक पट्टा छातीवरून, एक गुडघ्यांवरून. एरॉल पुढे ह्यांच्या शेजारी बसला.

जीप निघाली. आता ऐका. एक हादरा नाही! अर्धी चाकं पाण्यात, खाली खड्डे की दगड देवाला ठाऊक, आणि मी पाळण्यात घातल्यासारखी. पण छातीवर कुणीतरी बसलं होतं. श्वास आत जाईना. त्यात आळीचं वळण आलं, क्रूसाजवळचं. एरवी छोटी जीप तिथे एका दमात वळते. ही लांबवलेली वळेना. मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे. मी आडवी पडून पत्र्याचं छप्पर बघत होते आणि मनात म्हणत होते, ह्या अठरा इंचांनीच मरणार मी. ओरडले, पण डिझेल इंजिनाच्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

वळण पार झालं. मी चाचपडत छातीवरचा पट्टा सोडला आणि कोपरावर उठले. मागच्या पत्र्यावर थापा मारल्या. हे वळून ओरडले, "सरला, आडवी हो!" मग एरॉलने वळून बघितलं. त्याचा चेहराच उतरला.

"दादा, वहिनींचे ओठ बघा. निळे पडलेत."

पुढच्या मोरीवर पाणी जरा कमी होतं. ह्यांनी जीप थांबवली. इंजिन बंद पडू नये म्हणून एरॉल सरकून स्टिअरिंगवर बसला, रेस धरून राहिला. हे पाण्यात उतरले, मागून वर चढले. दुसरा पट्टा सोडला. मला काखेत धरून उठवलं आणि स्वतः खाटेवर माझ्या पाठीमागे पाय पसरून बसले. माझी पाठ त्यांच्या छातीला टेकली. तसा कुठे थोडा श्वास आत गेला. घोटभर, पण गेला.

"चल," ते एरॉलला म्हणाले.

पाऊण तास तसेच बसलो. माझा प्रत्येक श्वास त्यांच्या छातीवर आपटत होता. कुठला पुरा पडला, कुठला अर्ध्यात अडकला, सगळं त्यांना कळत होतं. एकदा अडकला तो बराच वेळ सुटेना, तेव्हा त्यांनीही आपला धरून ठेवला. मला ते पाठीला जाणवलं.

सांडोर मागे पडल्यावर माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "सरला, असं बरं वाटतंय का गं? की अजून पुढे वाकवू?"

इतका संताप आला मला! बोलायचं होतं, सगळं सगळं बोलायचं होतं. श्वास नव्हता. म्हणून हात मागे नेऊन त्यांच्या मांडीला करकचून चिमटा काढला. होतं नव्हतं ते बळ लावून.

ओरडले नाहीत. तेच पुन्हा विचारलं.