विंचवाजवळचा चिमटा

आमच्या बल्लारपूरच्या घरात चरबी मोजायचा चिमटा आला, आणि चरबीपेक्षा किस्सेच जास्त साठायला लागले.

चिमटा मागवला माझ्या भावानं, राहुलनं. पोलीस भरतीसाठी त्याला पोट उतरवायचं होतं. कातडीची घडी पकडली की तो 'टक्' वाजतो. पहिल्याच 'टक्'ला मी ओरडले. बाबांनी तो उलटसुलट करून विचारलं, "पापड भाजाचा हाय काय?"

*

मग बाबांनाही मोजून घ्यायचं होतं. चिमटा लागताच त्यांनी पोट आत ओढून श्वास धरला. राहुल म्हणाला, घडी कातडीची पकडतो, श्वासाची नाही. बाबा हिरमुसले. "मंग इतका वेळ मी काऊन मरून राह्यलो?"

*

शेजारच्या मंदाकाकू शिवणकाम करतात. त्यांनी साडीवरूनच मोजायला लावलं. आकडा बघून म्हणाल्या, "यातून निऱ्या वजा कर."

*

आईचा दंड मी दर रविवारी मोजायचे, पण आकडे वेगवेगळे यायचे. राहुल चिडला, "ताई, जागा एकच पाहिजे!" पेनाची खूण आंघोळीत जायची. तेव्हा आईनं उजवा हात पुढे केला. दंडाच्या मागे लहानपणी गोंदलेला विंचू आहे तिच्या. "याच्याजवळ पकड. हा नाई पुसत."

आईच्या तब्येतीचं मला भ्यावच वाटायचं. टीबीची औषधं संपली, डॉक्टर म्हणाले आता अंग भरेल. पण चिमट्यात नुसती कातडी यायची. मंदाकाकूंनी तिच्या ब्लाउजच्या बाह्या आत घेऊन दिल्या होत्या, तरी त्या ढिल्याच. एका रविवारी मी आकडा लिहिलाच नाही, तशी आई म्हणाली, "नको मोजू मले. तुह्याच जिवाले घोर लागते."

मी मोजत राहिले. भीतभीतच.

*

गेल्या रविवारी विंचवाजवळ घडी पकडली आणि चिमटा नेहमीपेक्षा जास्त उघडा राहिला. चुकलं असेल म्हणून पुन्हा पकडली. राहुलला पकडायला लावली. तेच. मी रडायला लागले तशी आई घाबरली. राहुलनं तिला वाढलेला आकडा दाखवला. दुपारी ती ब्लाउज घेऊन मंदाकाकूंकडे गेली, मागोमाग मी.

"बाह्या उसवून दे," आई म्हणाली.

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "पोरीनं मोजला तं एकच दंड ना?"

"दोन्ही उसव."