मनगट धरू दिलं नाय

"ए कैदी! हो बाहेर! जेलची भाकर खाल्लेल्याला मत नसतं!"

येवल्याच्या शाळेत, मतदानाच्या रांगेत, पैठणीवाल्या शेठचा भाऊ ओरडत होता. गळा असा, की तिकडं विंचूरच्या मार्केटात कांद्याचा लिलाव थांबला असेल. रांगेतली माणसं माझ्यापासून हातभर सरकली. आई तेवढी नाही सरकली. ती माझ्या हाताला धरून उभी होती. तिला दिसतच नव्हतं.

आईचे डोळे मागावर गेले. शेवटची पैठणी तिनं निम्मी डोळ्यांनी, निम्मी बोटांनी विणली. शेठनं ती पायानं सरकवली. "आंधळीचं काम. ने परत." मी त्याचे सात दात पाडले. म्हणजे सांगताना सात सांगतो. कोर्टात एकच निघाला. त्या एका दाताची शिक्षा नाशिकरोडच्या जेलात भोगली आणि सुटून आलो.

आंधळ्या माणसानं सोबत्याच्या हातानं मत द्यावं, अशी सोय असते. तिची नजर अधू झाली तेव्हापासून मी जेलात जाईपर्यंत आईचा सोबती मीच. मी शिक्का मारायचो तेव्हा ती माझं मनगट धरायची. ठप्प झालेलं तिला मनगटात कळायचं. मग अशा ऐटीत बाहेर यायची, जणू सरकार तिनंच मागावर चढवलंय.

त्या दिवशी मी भांडलो नाही. अख्खी पेठ बंद पाडील असलं माझं तोंड, तेच मिटलं. मला खरंच वाटलं, नसेल मत. जेलात नव्हतं, म्हणजे बाहेरही नसेल. मान खाली घालून रांगेतून निघालो.

शेठचा भाऊ आईला म्हणाला, "चल म्हातारे, आमचा माणूस मारतो तुझा शिक्का."

ती बाहेर आली. बोटाला शाई. चेहरा कोरा.

"त्यानं मनगट धरू दिलं नाय रे. कुणाला गेलं माझं मत?"

मरेपर्यंत हेच विचारत राहिली. मी थापाड्या माणूस. गावाला हजार गोष्टी रचून सांगितल्या. आईला एक सांगता आली नाही.

ती गेली. पुढच्या निवडणुकीला शेठचा भाऊच उभा. स्वतः मारामारीच्या केसमध्ये जामिनावर सुटलेला. माझ्या दारात हात जोडून.

"दादा, मत आपल्यालाच."

"मला कुठलं मत? मी जेलचा."

"असतं की! आत हाय तवर नसतं. सुटला की असतं. वकिलानं आम्हाला तेव्हाच सांगितलेलं."

तेव्हाच.

मतदानाला गेलो. आता शिक्का नव्हता, मशीन होतं. डाव्या हातानं माझंच मनगट घट्ट धरलं आणि त्याच्याविरुद्ध बटण दाबलं. दर निवडणुकीला दाबणार. पेठेत जो कोणी जेलातून सुटून येईल, त्याला हाताला धरून रांगेत उभा करणार. कुणी ओरडलं तर आता हलणार नाही.

बाहेर मांडवात तो खुर्ची टाकून बसला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"तेव्हाच माहीत होतं, तर त्या दिवशी मला हाकललं का?"

पान चघळत तो म्हणाला, "त्या दिवशी तुझं मत आमचं नव्हतं."