तिसरा सिलिंडर

मिस्त्रींच्या तोंडून एकदा शब्द निघाला की निघाला. मग जग इकडचं तिकडे होवो, ते तो परत घ्यायचे नाहीत. त्यातून हवेवर थंड होणाऱ्या जुन्या गाड्यांची इंजिनं म्हणजे त्यांचा हातखंडा. त्यात पाण्याचा थेंब नसतो, पंखा वारा घालतो आणि त्या वाऱ्यावर सगळा कारभार चालतो. मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि रोग सांगायचे. शितावरून भाताची परीक्षा. ती बहुतेक वेळा बरोबर निघायची, हीच तर पंचाईत. शंभरदा बरोबर आलेला माणूस एकशे एकाव्या वेळी बघायचंच सोडून देतो.

धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली तयार झाला. मिस्त्रींनी त्याला दोन गोष्टी अगदी कान पिळून शिकवल्या होत्या. पहिली टॅपेटची. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट; ती लावायची इंजिन रात्रभर गार झाल्यावर, सकाळी. गरम इंजिनावर लावली तर फट चुकते आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. दुसरी गोष्ट चिंध्यांची. इंजिन उघडलं की जिथे जिथे तोंड उघडं पडेल तिथे चिंधी कोंबायची, म्हणजे नट आत पडत नाही. कोंबताना मोठ्याने मोजायच्या, काढताना मोठ्याने मोजायच्या. चार आत, तर चार बाहेर. शेजारचा पंक्चरवाला थट्टा करायचा की या गॅरेजात गाड्या कमी आणि पाढेच जास्त ऐकू येतात.

अठरा वर्षांपूर्वी दोघा भावांनी एका वकिलांच्या गाडीचं इंजिन पार खोलून पुन्हा बांधलं. आठव्या दिवशी गाडीने चढावर दम सोडला. मिस्त्रींनी एकेक प्लग काढला आणि भोकावर अंगठा धरून इंजिन फिरवलं. पहिल्या सिलिंडरने, दुसऱ्याने, चौथ्याने दाबाने अंगठा ढकलला. तिसऱ्यात जीवच नव्हता. झालं, निकाल लागला. व्हॉल्व्ह जळाला, म्हणजे टॅपेट गरम इंजिनावर लावलं, आणि टॅपेट लावलं होतं धाकट्याने. वकील आणि चार गिऱ्हाइकं उभी असताना मिस्त्रींनी त्याला नाही नाही ते सुनावलं. धाकटा म्हणाला, मी सकाळी गार इंजिनावर लावलंय दादा, उघडून बघ. मिस्त्रींना ते उलट उत्तर वाटलं. हात धू आणि चालता हो, असं ते बोलून गेले. धाकट्याने खरंच नळावर हात धुतले, पुसले आणि निघून गेला. वकिलांनीही रागारागाने गाडी ओढून नेली आणि घरामागच्या शेडमध्ये झाकून ठेवली. उघडून कुणीच बघितलं नाही.

धाकटा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गिरणीत कामाला लागला. पुन्हा कधी त्याने इंजिनाला हात लावला नाही. मिस्त्रींची बायको अधूनमधून म्हणायची, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमचा, एकदा जाऊन या. मिस्त्री म्हणायचे, चूक त्याची, त्याने यावं. बघता बघता अठरा वर्षं गेली.

एका मंगळवारी सकाळी भावजय गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. आत आलीच नाही. धाकटा इस्पितळात होता. छाती पार निकामी झाली होती आणि डॉक्टर दोन-तीन दिवसांचं बोलत होते. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला आणि येतोच म्हणाले. ती म्हणाली, "असे नका येऊ, भाऊजी. त्यांनी निरोप दिलाय. आधी ती गाडी उघडून बघ, मग ये."

माणूस मरायला टेकलाय आणि गाडीचं काय घेऊन बसलाय, असं मिस्त्रींनी बायकोजवळ म्हणून बघितलं. ती म्हणाली, अठरा वर्षं तेच तर घेऊन बसलाय बिचारा. आणि तुम्ही काय सोडलंत?

वकील वारले होते. त्यांच्या मुलीने शेडची किल्ली दिली. धूळ बोटभर साचली होती, टायर जमिनीला चिकटले होते. मिस्त्री मागचं, इंजिनावरचं झाकण उघडून गुडघ्यांवर बसले. वय सत्तरीला आलेलं. त्यांनी पुन्हा प्लग काढले, भोकात तेल सोडलं, जाम बसलेलं इंजिन कसंबसं फिरवलं आणि अंगठा धरला. पहिला, दुसरा, चौथा थोडे तरी ढकलत होते. तिसरा तसाच मेलेला. मग त्यांनी टॅपेटचं झाकण काढलं आणि फटीत मापाची पाती घालून बघितली. तिसऱ्याची फट गायब. पाती आत जाईचना.

मिस्त्रींना आनंद झाला. खरं ते सांगायलाच हवं. आपण बरोबर होतो, ही एक जुनी, घाणेरडी खुशी वर आली आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःची शिसारी आली. भाऊ तिकडे श्वास मोजतोय आणि हा बाबा इकडे खूश.

पण हात थांबले नाहीत. त्यांनी बाकीच्या तिन्हींची फट बघितली. पाती अशी सरकली, की जणू फट कालच लावलीय. केसभरही इकडे तिकडे नाही. मिस्त्री मागे टेकून बसले. गरम इंजिनावर लावली असती तर चारही चुकायला हव्या होत्या. तीन चोख लावणारा हात एकच कशी चुकवेल? मग फट आधी चोख होती आणि नंतर बुजली. म्हणजे तिसरा सिलिंडर आगीसारखा तापला, आणि तापून त्याचा व्हॉल्व्ह ताणला गेला. एकटा तिसराच का तापला? वारा तर चौघांना सारखाच.

हा प्रश्न त्यांनी अठरा वर्षांपूर्वी विचारायचा होता. विचारायला फार तर अर्धी सकाळ लागली असती.

पंख्याखालचा पत्रा काढायला दुपार झाली. बोल्ट गंजले होते, दोन तर मोडलेच. देवा, माझं काही नसू दे, असं ते पुटपुटत होते, आणि मग त्याचंच असू दे असंही म्हणवत नव्हतं. शेवटचा बोल्ट निघाला, पत्रा उचलला. वारा तिसऱ्याकडे उतरतो त्या वाटेत काहीतरी काळं कोंबलेलं होतं. मिस्त्रींनी दोन बोटांनी ओढलं. चिंधी होती. कडेने करपलेली, मधे निळ्या पट्ट्या अजून दिसत होत्या. त्यांच्याच जुन्या सदऱ्याची.

आणि मग त्यांना अठरा वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. वकील घाई करत होते. ती वाट मिस्त्रींनीच चिंधीने बंद केली होती, पत्राही त्यांनीच बसवला होता. धाकट्याने चिंध्या मोजल्या होत्या. दादा, तीनच आल्या, असं तो म्हणाला होता. आणि मिस्त्रींनी मान वर न करता सांगितलं होतं, तीनच घातल्या होत्या.

त्या शेडमध्ये ते किती वेळ रडले कुणास ठाऊक. वकिलांची मुलगी पाणी घेऊन आली आणि तांब्या दाराशी ठेवून परत गेली.

काळ्या हातांनी ते तसेच इस्पितळात पोचले. दारावरचा माणूस हात धुऊन या म्हणाला, तेवढ्यात भावजय बाहेर आली आणि त्यांना आत घेऊन गेली. धाकटा ओळखू येत नव्हता. नाकात नळी, डोळे मिटलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मिस्त्री खाटेजवळ खाली बसले. वाटभर काय काय जुळवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. त्यांनी चिंधी त्याच्या तळव्यावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"तुझं टॅपेट चोख होतं," ते म्हणाले. "तीनच घातल्या म्हणालो, ते खोटं होतं रे. माझीच राहिली होती, तिसऱ्यावर."

मग धाकट्याचा अंगठा हलला. कापड बघावं तसा तो चिंधीवरून एकदा फिरला, करपलेल्या कडेपाशी थांबला. ओठ हलले. मिस्त्रींनी कान अगदी तोंडाजवळ नेला.

"चार," धाकटा म्हणाला.