चार मजल्यांचा चौकीदार

यवतमाळात सरकारी कचेऱ्यांची चार मजली इमारत होणार, हे ऐकून मी नेरचं चांगलं चाललेलं दुकान मोडलं आणि त्या मोकळ्या जागेसमोर अर्जाच्या कागदांचं दुकान थाटलं. दुकानात यायचा तो फक्त इमारतीचा चौकीदार, तोही सावलीला. "तिसऱ्यावर मोठे साहेब बसतीन," असं म्हणून तो हवेत बोट दाखवायचा आणि आम्ही दोघंही मान वर करून पाहायचो.

पहिल्या वर्षी त्यानं तळमजल्यावर अंबाडी पेरली, दुसऱ्या वर्षी तूर. "फाईल मुंबईले गेली, भाऊ. तूर निघेपावतर येते वापस." मी विश्वास ठेवला. शेंगाही खाल्ल्या.

यंदा तो बारा-बारा हातांवर खड्डे खणताना दिसला. पायाच खणून राह्यला, असं समजून मी पेढे घेऊन धावलो. त्यानं पेढा तोंडात टाकला आणि खड्ड्यात संत्र्याचं कलम उभं केलं.

"हे कायले?"

"पाच वर्सानं फळ धरते जी." माती दाबता दाबता त्याचा आवाज खाली आला. "मले सरकारनं बसवलं हाये, भाऊ. तुमाले कोनं बसवलं?"

नेरची मोटार किती वाजता सुटते, असं मी विचारलं. त्याला वेळ पाठ होती.