‘एक घास राखा’ला स्वतंत्र नोंद हवी का?

आज कंट्रोलची जवारी चार शेर आली, हाली नाण्यात एक रुपया. तूर अर्धा शेर, चार आणे. दुकानावर सरकारची तीच पाटी होती, धान्य वाचवा म्हणणारी: ‘एक घास राखा, निरोगी राहा.’

भगिनींनो, आपलं मंडळ घरगुती शब्दांचा जो गृहकोश करतंय, त्यात या वाक्याला स्वतंत्र नोंद नको, ‘आहार’ शब्दाखाली एक ओळ पुरे, असं मागच्या पत्रात मीच लिहिलं होतं.

दुपारी नल्लकुंटा मोहल्ल्यात गोदाक्कांकडे गेले. त्यांची सून सकाळी सातव्या महिन्यातच बाळंत झाली आणि मूल गेलं.

गोदाक्का म्हणाल्या, “सरकारचं ऐकलं हो. घरात सहा माणसं, रोज सहा घास राखले.”

“कोणाच्या ताटातून?” मी विचारलं.

“पुरुषांच्या ताटातले कसे काढायचे? ही मागून जेवते, हिच्यातलेच राखले.”

सून पडल्या पडल्या म्हणाली, “काकू, मला वाटलं, यानं तब्येत चांगली राहते.”

घरी येऊन देवापुढे बसले, पण जप होईना. माझ्या घरीही मीच मागून जेवते, तरी राखलेला घास मागून जेवणारीचाच असतो, हे मला सुचलं नव्हतं.

आता म्हणते, स्वतंत्र नोंद हवी, आणि घास कोणाच्या ताटातला राखला गेला हे तीत लिहिलेलं हवं. तुमच्याकडे तो कोण राखतं, उलट टपाली कळवा.