पांढऱ्या गणवेशांतला शेवटचा फोटो

माझी आत्या एका फोटो स्टुडिओत एकोणीस वर्षं फोटो काढत होती, आणि तिला नोकरीवरून काढलं ते तिने एक फोटो चांगला काढला म्हणून. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

मालकाने नवा ऑटो फ्लॅश आणला होता. त्याच्या पुढच्या अंगाला मसुरीएवढा काचेचा डोळा. समोरच्या माणसावरून परत येणारा उजेड तो मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश तिथल्या तिथे बंद करतो. विकणारा म्हणाला, उजेड कमी-जास्त करणारी लेन्सची कडी या आकड्यावर ठेवा, बाकीचं फ्लॅश बघेल. मालकाने अकलेचे तारे तोडले आणि कडीवर चक्क चिकटपट्टी लावली, कुणी हलवू नये म्हणून. कुणी म्हणजे आत्याने.

त्याच आठवड्यात इस्पितळातल्या मुख्य नर्सबाई निवृत्त होत होत्या. निरोपाच्या फोटोला तीस जणी, पांढरेशुभ्र गणवेश, मागे पांढरी भिंत. आत्या म्हणाली, "मालक, एवढं पांढरं बघून हा डोळा फसणार. उजेड भरपूर झाला असं वाटून फ्लॅश लवकर तोडेल आणि चेहरे काळवंडतील. कडी किती फिरवायची ते मला ठरवू द्या."

"तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं," मालक म्हणाला. तेही सगळ्यांसमोर.

आत्या मुकाट्याने रोल संपवत आली. मालक मोठ्या डॉक्टरांशी गोड बोलायला वळला, तेव्हा तिने नखाने पट्टी सोलली, कडी फिरवली आणि शेवटचा फोटो काढला.

रोल धुतला तर सगळे फोटो मळकट, सगळ्या जणी आजारी दिसत होत्या. एकच लख्ख. त्याबद्दल मालकाने अवाक्षर काढलं नाही.

"पट्टी कुणी काढली?"

"मी."

"उद्यापासून येऊ नकोस."

महिन्याभराने आम्ही दोघी त्या रस्त्याने चाललो होतो. स्टुडिओच्या दर्शनी काचेत तोच फोटो, हातभर मोठा केलेला. खाली पाटी: 'आमच्या ऑटो फ्लॅशची कमाल'.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आत्ताच्या आत्ता आत जा आणि तो कसा काढलास ते सांग त्याला."

"कडी किती फिरवली ते सांगितलं तर पुढचा त्यालाही जमेल," आत्या म्हणाली. "नाही सांगायची मी. एकोणीस वर्षांतलं तेवढंच तर घेऊन निघालेय."