जावयाच्या पायाचं पाणी

दादांच्या त्या विलायती गाडीचं नाव काढलं की आजही माझं डोकं फिरतं. दादा म्हणजे माझे वडील. पुण्याच्या कुणा बड्या माणसानं वापरून टाकलेली ती गाडी त्यांनी शेवगावला घरी आणली, आणि त्या दिवसापासून मी सावत्र झाले.

खोटं कशाला बोलू, गाडी देखणी होती. आत चकचकीत लाकूड, खऱ्या कातड्याच्या गाद्या. मोकळ्या रस्त्याला लागली की सुसाट पळायची, तरी पोटातलं पाणी हलायचं नाही. एस.टी.ला मागं टाकलं की दादा लहान पोरागत हसायचे. पण बाईसाहेबांना फक्त पळणं ठाऊक! बैलगाडीमागं जरा हळू चालवली की तापल्याच. खालून दगड लागायचे, पार्ट मुंबईशिवाय मिळायचा नाही, आणि पेट्रोल तर काय, ढोसायची नुसती.

माझं लग्न ठरलं ते ऐन दुष्काळात. दादा म्हणाले, "नवरदेव आपल्याच गाडीतून येणार."

"अहो दादा, मिरवणुकीत ती बँडच्या चालीनं चालणार. तापेल ना!"

"तुला काय कळतंय गाडीतलं? गप बस."

बसले गप.

आमचं घर वेशीलगत. सीमांतपूजन वेशीवरच होतं, म्हणून मी खिडकीतून बघत होते. विहीर आटलेली. जावयाचे पाय धुवायला आईनं एक कळशी राखून ठेवली होती, कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. बँड आला, नाचणारे आले, आणि मागून वाफा सोडत गाडी आली. चालवायला दादा स्वतः. नवरदेव उतरून पाटावर बसला, त्यानं पाय परातीत ठेवले. दादांनी आईच्या हातातली कळशी घेतली, वळले, आणि फडक्यानं रेडिएटरचं झाकण काढून सगळी गाडीत ओतली!

बँड थांबला. नवऱ्याचे मामा कडाडले, "पावनं, जावई ह्यो हाय का ती?"

"आवं, इंजिन बसंल! आदी हिचं भागू द्या," दादा म्हणाले.

वऱ्हाड परत निघायच्या बेतात होतं. आईनं कळशीच्या तळाला राहिलेल्या थेंबांत बोटं बुडवून जावयाचे अंगठे ओले केले, पदरानं पुसले. नवरा भला, हसला. म्हणून लग्न लागलं. मी मात्र रागानं रडत होते, आणि बायका म्हणत होत्या, पोरीला माहेर सुटायचं वाईट वाटतंय.

पाठवणीला गाडी सुरूच होईना. मला एस.टी.त बसवलं. आईनं गळ्यात पडून रडून घेतलं. मी वाट बघत होते ती दादांची. लहानपणी ताप आला की ते डोक्यावर हात ठेवायचे, तसा एकदा ठेवावा, एवढंच. ते समोरच होते, बॉनेटमध्ये वाकलेले.

मी खिडकीतून ओरडले, "दादा, निघाले मी!"

त्यांनी मान वर न करता काळा झालेला हात हलवला. "थांब गं जरा, आता घेईल ही."

कंडक्टरनं घंटी मारली.